पारोचा सिनेमा करायचा असेल तर

अमळनेरहून एका मुलीने विचारलं आहे : "काका, मी 'आउट ऑफ आफ्रिका' हा इंग्रजी सिनेमा पाहिला आणि शेवटी खूप रडले. माझा मित्र म्हणतो, हा गोऱ्यांनी आपल्याच आठवणींत रमून काढलेला सिनेमा आहे, त्यात काळी माणसं नुसती ट्रे घेऊन येतात नि जातात. मला अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं उतरवणारा इंग्रज मेजर गिल आणि तिथल्या गावातली पारो यांच्यावर तसाच मोठा प्रेमपट करायचा आहे. त्या सिनेमातून काय घेऊ, काय टाकू? आणि खिशात पैसे नसताना भव्यता आणायची कुठून?"

तुझा मित्र म्हणतो ते बरंचसं खरं आहे. तरी त्याला सांग, सिनेमा पुन्हा एकदा बघ. तूही बघ, या वेळी शेजारी वही ठेवून.

मी तीस वर्षं कलादिग्दर्शनाचं काम केलं, त्यातलं निम्म्याहून अधिक जुन्या काळाच्या कथांवर. हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. वडील लोको शेडमध्ये होते. त्यांना इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण सुरुवातीलाच पडद्यावर आगगाडी आली आणि ते सावरून बसले. म्हणाले, "हा रूळ आपल्या लोकांनी टाकलाय." आमच्या चाळीतल्या एका पंजाबी फोरमनचे आजोबा त्या कामावर गेले होते, त्याच्याकडून त्यांनी ऐकलेलं. पुढे मी वाचलं. केनियातल्या मोंबासाच्या बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची ती रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर करारावर नेले होते आणि त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मरण पावले. सिनेमात गाडी फार देखणी दिसते. धूर, पिवळं गवत, मागच्या डब्याच्या सज्जावर पांढऱ्या कपड्यांतली मेरिल स्ट्रीप, म्हणजे नायिका कॅरेन. रूळ टाकणारे कुठेच नाहीत.

पण त्याच प्रसंगात आणखी काय होतं ते आठव. नायक डेनिस गाडी थांबवतो आणि तिच्यावर हस्तिदंत चढवतो. दोघांची पहिली भेट होते ती हस्तिदंताच्या ढिगाशेजारी. पटकथेत हे उगीच आलेलं नाही असं मी मानतो, कारण पुढचे अडीच तास सिनेमा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत राहतो : हे कोणाचं? जमीन कोणाची, पाणी कोणाचं, हत्ती कोणाचे, नवरा कोणाचा, प्रियकर कोणाचा. कॅरेन सगळ्याला 'माझं' म्हणते. माझा मळा, माझे किकुयू (तिथले मूळ लोक), माझी चिनी मातीची भांडी. डेनिस तिला सांगतो की आपण इथले मालक नाही, वाटसरू आहोत. खरी कॅरेन ब्लिक्सन १९१४ साली डेन्मार्कहून तिथे गेली. जवळपास सहा हजार फूट उंचीवर, जिथे कॉफी नीट धरत नाही अशा जागी, तिने कॉफी लावली आणि १९३१ साली सगळं विकून परत गेली. त्याच वर्षी डेनिस विमान कोसळून गेला. सिनेमाची सुरुवातच म्हाताऱ्या बाईच्या आवाजात 'होता' या भूतकाळाने होते. मळा हातातून गेलेला आहे हे आपल्याला सुरुवातीपासूनच ठाऊक असतं. तू रडलीस त्याची तयारी तिथूनच झालेली असते.

त्यातला मला सगळ्यात प्रिय प्रसंग पाण्याचा आहे. कॅरेन ओढा अडवून तळं करायचं ठरवते. तिचा कारभारी फराह सांगतो की हे पाणी मोंबासाला राहतं, म्हणजे त्याचं घर तिकडे, समुद्राजवळ आहे. ती ऐकत नाही, बांध घालते. पुढे एका रात्री पावसात बांध फुटतो. लोक धावतात, आणि ती म्हणते, जाऊ द्या, ते मोंबासालाच राहतं. एवढ्या एका गोष्टीत त्या बाईचा सगळा प्रवास आला. आपल्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीत वाढलेल्या कोणालाही हे पटकन उमगेल. तिथे बंधारा एकाचा नसतो. पाटकरी पाणी सोडतो, जागल्या राखण करतो, कोणाच्या पिकाला किती पाळ्या हे गावाने ठरवलेलं असतं. कोणी साहेब येऊन 'माझं पाणी' म्हणाला तर बांधावरचा म्हातारा त्याच्याकडे कसा बघेल, ते तुला कोणी शिकवायला नको.

दुसरा प्रसंग गुडघ्यांचा. मळा बुडाल्यावर कॅरेन नव्या गव्हर्नरच्या स्वागत समारंभात जाते आणि सगळ्या गोऱ्यांसमोर गुडघे टेकते. तिचं मागणं एकच : माझ्या मळ्यावरच्या किकुयूंना राहायला जमीन द्या. लोक तिला उठवायला बघतात, ती उठत नाही. शेवटी गव्हर्नरची बायको शब्द देते. सिनेमाचा खरा कळस मला हाच वाटतो, डेनिसच्या मरणापेक्षाही. आणि तिसरा प्रसंग स्टेशनवरचा. निरोप घेताना ती फराहला म्हणते, माझं नाव एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. इतकी वर्षं तो तिला 'मेमसाब' या अर्थाच्या शब्दानेच हाक मारत आलेला. तो नाव घेतो आणि त्याला तो जुना शब्द जोडूनच घेतो. मला वाटतं सगळे रडतात ते इथे, आणि समजतात की आपण डेनिससाठी रडलो.

तर या तीन ठिकाणी सिनेमाला आठवतं की या भूमीला आधीची माणसं आहेत. मधल्या मोठ्या पट्ट्यात तो ते विसरतो. तिथे आफ्रिका म्हणजे ढग, सिंह आणि जॉन बॅरीचं संगीत. ते संगीत श्रेष्ठ आहे, डेव्हिड वॉटकिनचं छायाचित्रण श्रेष्ठ आहे, सात ऑस्कर मिळाले ते उगीच नाहीत. पण फराह रात्री घरी जाऊन कोणाशी काय बोलतो हे १६१ मिनिटांत एकदाही कळत नाही. तुझा मित्र चिडला आहे तो या जागेवर, आणि त्याचा राग रास्त आहे. तुझ्या सिनेमाचं काम इथूनच सुरू होतं. त्यांना जे तीनदा आठवलं, ते तुला प्रत्येक चौकटीत आठवलं पाहिजे.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. रॉबर्ट गिल हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी आणि चांगला चित्रकार. लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती करायला त्याला १८४४ साली नेमलं. अजिंठ्याला राहून त्याने वर्षानुवर्षं मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत त्या प्रती केल्या. त्या लंडनला गेल्या, तिथे सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. त्याच्या दहा वर्षं आधी, २३ मे १८५६ ला, पारो गेलेली. अजिंठा गावात तिच्या समाधीवर गिलने इंग्रजीत कोरवून घेतलेली ओळ आणि ती तारीख आहे. गिल १८७९ साली गेला. त्याची कबर भुसावळला आहे, माझ्या लहानपणीच्या घरापासून सायकलवर जाण्याइतकी जवळ. ही कथा ना. धों. महानोरांनी कवितेत आणली आणि तिच्यावर २०१२ साली नितीन देसाईंनी 'अजिंठा' हा सिनेमा केला. ते दोन्ही आधी वाच आणि बघ. मग बाजूला ठेव. एका कथेचे दहा सिनेमे होऊ शकतात, पण त्यांच्या चौकटी तुझ्या डोळ्यांत राहिल्या तर तुझ्या उमटणार नाहीत.

पहिली अडचण तुला कॅमेऱ्याची येणार नाही, होकाराची येईल. एकीकडे साहेब आहे. त्याच्या मागे पलटण, पगार, घोडा. बायको-मुलं असलेला, वयाने चाळिशीचा. दुसरीकडे गावातली एक मुलगी. त्या काळात तिला 'नाही' म्हणता आलं असतं का? प्रेक्षक हा प्रश्न विचारणारच, आणि नायिकेला धबधब्याखाली नाचवून तो टळत नाही. म्हणून प्रेमाच्या आधी एक असा प्रसंग लिही ज्यात पारो त्याला स्पष्ट नकार देते आणि तो नकार चालतो. चित्रासाठी बसायला नकार, घोड्यावर बसायला नकार, त्याच्या हातचं पाणी घ्यायला नकार, काहीही. तिचा नकार चालतो हे दिसलं की मगच तिच्या होकाराला किंमत येईल. 'आउट ऑफ आफ्रिका'तला केस धुण्याचा प्रसंग आठव : नदीकाठी डेनिस मगातून पाणी ओतत तिचे केस धुतो आणि कविता म्हणतो. मिठी नाही, चुंबन नाही. तरी सगळ्या सिनेमातलं सगळ्यात शृंगारिक दृश्य तेच, कारण सेवा तो करतो आहे. गिल हा हाताने काम करणारा माणूस होता. त्याला पारोसाठी हाताने काहीतरी करू दे. तिच्या पायातला काटा काढू दे, तिच्या घरची भिंत सारवताना शेणकाला कालवू दे. तिच्या माणसांना ते बघून हसू दे.

आणि पारोला प्रेमाखेरीज दुसरं काम हवं. १९९२ चा फ्रेंच सिनेमा 'इंडोशीन' (Indochine) बघ. रबराच्या मळ्याची गोरी मालकीण, तिने दत्तक घेतलेली व्हिएतनामी मुलगी आणि दोघींच्या आयुष्यात आलेला एक नौदल अधिकारी. तिथेही ढग-डोंगर भरपूर आहेत. पण मधेच ती मुलगी आईच्या प्रेमकथेतून निसटते आणि आपल्या देशाच्या लढ्यात जाते, आणि सिनेमाचं माप बदलून जातं. पारोचा काळ बघ. तिच्या मागेपुढे खानदेशात भिल्लांचे उठाव झाले आहेत, धरणगावला कंपनीचा अधिकारी आउट्रमने १८२५ साली उभी केलेली भिल्ल पलटण आहे, आणि ती गेल्यावर पुढच्याच वर्षी सातपुड्यात खाज्या नाईक इंग्रजांविरुद्ध उभा राहतो. तिचा कोणी भाऊ, मामा या सगळ्यात कुठेतरी असेल. तो साहेबाकडे कसा बघेल?

भाषेचं बोलतो, कारण यात सगळे चुकतात. डेनिस खरा इंग्रज उमराव होता, आणि पडद्यावर रॉबर्ट रेडफर्ड सरळ अमेरिकन बोलतो. मेरिल स्ट्रीपने मात्र डॅनिश वळणाचं इंग्रजी मेहनतीने उचललं. दोघे एका खोलीत बोलतात तेव्हा तो फरक आजही कानाला खटकतो. तुला हे परवडणार नाही. अजिंठा आणि घाटाच्या पायथ्याचं फर्दापूर निजामाच्या मुलखात होते, त्यापुढे खानदेशात कंपनीचा मुलूख. अहिराणी ही धुळे, साक्री, तुझ्या अमळनेरची. जामनेर-भुसावळ पट्ट्यात तावडी. वर अजिंठ्याकडे मराठीत दखनीची सरमिसळ. पारोच्या तोंडी अमळनेरची अहिराणी घातलीस तर तुला गोड लागेल, पण ती खोटी ठरेल. तिकडच्या बाजारात चार आठवडे जाऊन बस, म्हाताऱ्या बायकांचं बोलणं ऐक, मग संवाद लिही. गिलला फौजेतली मोडकी हिंदुस्थानी दे. दोघांना एकमेकांचे पंचवीस-तीस शब्दच येत असतील तर संवाद किती सुंदर होतील याचा विचार कर. तीच गोष्ट गाण्यांची. नंदुरबारकडची पावरी (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) कानाला कितीही गोड लागली तरी अजिंठ्याच्या दरीत तिला आणू नकोस. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी, झोके, जात्यावरच्या ओव्या यांत तुला हवं ते सगळं आहे. आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते. पारो साहेबाच्या बंगल्यावर राहायला लागल्यावर तिला आखाजीला माहेर उरलं का, एवढ्या एका प्रश्नावर अख्खा प्रसंग उभा राहतो.

आता माझ्या खात्याचं. पारोच्या लुगड्याला जांभळा किंवा झगझगीत गुलाबी रंग देऊ नकोस. पहिला कृत्रिम रंग लंडनमध्ये पर्किनला सापडला तो १८५६ साली, ती गेली त्याच वर्षी. त्याआधी आपल्याकडे आल नावाच्या झाडाच्या मुळांचा लाल, नीळ, हळद, कुसुंबा आणि डाळिंबाची साल. हे रंग उन्हात उतरतात, तेव्हा कपडा नवा दिसता कामा नये. घरात रॉकेलची चिमणी नको, एरंडेलाची किंवा करडईच्या तेलाची पणती हवी. तिचा उजेड पिवळा आणि बुटका असतो, माणसाच्या हनुवटीपर्यंत पोचतो, छत काळंच राहतं. शेतांच्या चौकटीत केळीच्या बागा घेऊ नकोस. आज रावेर-यावलला दिसणाऱ्या मैलोन्मैल बागा विसाव्या शतकातल्या आहेत. काँग्रेस गवत तर १९५० नंतरचं, आणि नेमकं तेच सगळीकडे उगवलेलं असतं. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी दहा माणसं लावून उपटून घे. लेण्यांत तुला दिवे लावू देणार नाहीत, तिथे फ्लॅशलाही बंदी आहे आणि ती योग्यच आहे. भिंतीचा एक तुकडा बाहेर उभा कर, आठ बाय दहा फूट पुरे. त्यावर आरशाने किंवा पांढऱ्या कापडाने बाहेरचं ऊन फिरव. अंधाऱ्या लेण्यात उजेड नेण्याची ती जुनी युक्ती आहे, आणि चेहऱ्यावर पडलेला तो उजेड कोणत्याही दिव्याने साधत नाही.

एक प्रसंग सांगतो, तो मी कधी विसरलो नाही. जिनिंगच्या काळावरच्या एका मालिकेसाठी मी धुळ्याकडे रुईच्या गाठींचा सेट केला होता. खऱ्या गाठी महाग, म्हणून आत भुसा नि थर्मोकोल भरून वरून तरट आणि लोखंडी पट्ट्या मारल्या. दिसायला बिनचूक. निर्माते खूश. गर्दीतल्या कामासाठी आणलेले एक म्हातारे हमाल जवळ आले, एक गाठ बोटाने ढकलून पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, हाई गाठले वजनच नही शे. मानूस वाकना नही ते गाठ कसानी?" नटांनी ती खोटी गाठ उचलली होती आणि कोणाचीच पाठ वाकली नव्हती. पडद्यावर तेच दिसलं. कापूस दिसला, कष्ट दिसले नाहीत. तेव्हापासून मी सेटवरच्या प्रत्येक ओझ्यात खरं वजन भरतो. घागरीत पाणी भरतो, मोळीत ओलं लाकूड घालतो, पालखीत माणूस बसवतो.

गिलचे ते प्रचंड कॅनव्हास घाटातून खाली कोणी नेले असतील? गुंडाळून, मेणकापडात बांधून, बैलांवर, माणसांच्या खांद्यांवर. ते दृश्य तुझ्या सिनेमात असू दे आणि त्या गुंडाळ्या खऱ्या वजनाच्या असू देत. मग क्रिस्टल पॅलेसची आग दाखवायला तुला लंडन लागणार नाही. ओझं वाहिलेल्या एका माणसाला घाटातल्या झाडाखाली कोणीतरी सांगेल की ते सगळं जळालं. त्याचा हात आपोआप खांद्याकडे जाईल. तेवढं पुरे.

भव्यतेचं उत्तरही यातच आहे. विमानातून घेतलेलं ते प्रसिद्ध दृश्य, खाली तळ्यावरून उडणारे हजारो फ्लेमिंगो आणि पुढच्या आसनावरून मागे वळलेला तिचा हात, हे ड्रोन भाड्याने घेऊन करायचा मोह तुला होईल. आवर. ड्रोन आता लग्नातही असतो. तुझ्याकडे पैसे नाहीत, पण वेळ आहे, आणि खानदेशात ऋतू इतके टोकाचे आहेत की त्यांनीच पडदा भरेल. एकच जागा निवड. एक बाभूळ, एक बांध, मागे अजिंठ्याची डोंगररांग. तिथे ज्येष्ठात जा, जमीन भेगाळलेली आणि हवा उन्हाने थरथरणारी असते तेव्हा. श्रावणात जा. कपाशी फुटल्यावर जा. पौषात पहाटे धुकं असताना जा. चारही वेळा कॅमेरा त्याच ठिकाणी, त्याच उंचीवर. पारो त्या बांधावरून पहिल्या तीन वेळा चालत जाऊ दे, चौथ्या वेळी नको. प्रेक्षकाला वर्षं गेल्यासारखं वाटेल आणि खर्च येईल एसटीच्या भाड्याचा. आणि दोन तासांचा सिनेमा आत्ता करू नकोस. पंचवीस मिनिटांचा कर, पण वर्षभर लावून कर.

सगळ्यात शेवटी नकाशा सांगतो, कारण मला तुझ्या कथेचा कणा तिथे दिसतो. वाघूर नदी अजिंठ्याच्या कड्यावरून लेण्यांच्या दरीत उतरते, तिथून जामनेरच्या बाजूने खाली येते आणि जळगाव-भुसावळच्या मधे तापीला मिळते. पारो वर राहिली, जिथे ती नदी निघते. गिलची कबर खाली भुसावळला आहे, जिथून जवळच तिचं पाणी तापीला मिळतं. ते पाणी मोंबासाला राहतं म्हणणारा फराह मला इथे आठवतो. वाघूरचं पाणी कुठे राहतं, हे तुझ्या सिनेमात कोणीतरी एकदा म्हणू दे. शक्यतो पारोनेच, सुरुवातीला, काहीच घडलेलं नसताना, सहज पाणी भरता भरता.

पटकथा लिहायच्या आधी एक काम कर. अजिंठा गावात जा, समाधीपाशी थोडा वेळ बस, दगड हाताने बघ, अक्षरं किती खोल कोरली आहेत ते बघ. मग घाट उतर, लेण्यांच्या पायथ्याशी नदीला लाग, आणि जमेल तिथे पायी, जमेल तिथे एसटीने, तिच्या काठाकाठाने भुसावळपर्यंत ये. दोन दिवस लागतील. वाटेत कोणत्या गावी बोली बदलली, कुठे माती काळी झाली, बायका डोक्यावर काय वाहून नेत होत्या, एवढं वहीत लिही. भुसावळला पोचलीस की मला फोन कर, कबरीपाशी मी घेऊन जाईन. पहिली दहा पानं तिथेच मला वाचून दाखव.